पाठ क्रमांक सतरा

कदंबाच्या बसमध्ये, साखळीच्या अलीकडे,
टाचण मांडीवर घेऊन पुन्हा वाचलं:
विषय – व्हेपिंगपासून दूर राहू या.
इयत्ता नववी ब. अवधी पस्तीस मिनिटं.
उद्दिष्टे – विद्यार्थी धोके सांगतील,
विद्यार्थी नकार देण्याचे तीन प्रकार सांगतील,
विद्यार्थी सांगतील, सांगतील, सांगतील.
ऐकण्यासाठी रकाना नव्हता.

प्रियोळकर मॅडम शेवटच्या बाकावर,
गुडघे आत अडकलेले, हातात निरीक्षणपत्रक.
वैष्णवी बाहेर व्हरांड्यात. तिचा पाठ माझ्यानंतर, नववी अ.
ओठांतल्या ओठांत निकोटीन, निकोटीन,
आरतीचे शब्द विसरू नयेत तशी.

मी पुठ्ठ्याची फुप्फुसं नेली होती,
रात्री दीडपर्यंत गुलाबी घोटीव कागद चिकटवून.
पहिल्याच मिनिटाला दुर्वांकुर माजिक म्हणाला,
'टीचर, डावं लहान असतं.
त्या बाजूला काळजाला जागा लागते.'
वर्ग हसला. मॅडमनी काहीतरी लिहिलं.

ही वस्तू कुणी पाहिली आहे?
(अपेक्षित प्रतिसाद: नाही, टीचर.)
सदतीस मुलं, एकतीस हात.
पेनड्राइव्हसारखी असते. हायलायटरसारखीपण येते.
आंब्याची, कलिंगडाची, निळ्या कसल्याशा बर्फाची.
कपड्यांना वास लागत नाही टीचर,
आईला कळत नाही.
म्हापशाला मिळते. आता इथंपण.
इथं कुठं, ते कुणी सांगितलं नाही,
फक्त सगळ्यांनी एकदमच
खिडकीकडे बघायचं टाळलं.

मग तिसऱ्या रांगेतला साईश मळीक उभा राहिला.
'माझ्या पप्पांनी जन्मात विडी ओढली नाही.
खाणीवर टिपर चालवायचे.
आता रात्रभर खोकतात, उशीला पाठ लावत नाहीत.
मग न ओढून काय झालं, टीचर?'

उजव्या रकान्यात बोट फिरवलं.
तिथं होतं: शिक्षक फलकावर चार धोके लिहितील.
खडू हातात होता. मी तो खाली ठेवला.
म्हटलं, धूळ हवी का असं
तुझ्या पप्पांना कुणी विचारलं नव्हतं.
तुला विचारतायत. आंब्याची हवी की कलिंगडाची.

उत्तर बरोबर होतं की नाही, कोण जाणे.
तो बसला. मान हलवली नाही.

आणि खिडकीजवळून सान्वी, हात वर न करता:
'टीचर, तुमी ओडल्या?'

मॅडमचं पेन थांबलं.
दोनदा, मी म्हटलं. पणजीला, हॉस्टेलच्या गच्चीवर.
'आवडली?'
हो.
तिसऱ्या दिवशी मैत्रीण गावी गेली होती.
मी तिची बॅग उघडली, तिला न विचारता,
कपडे, वह्या, देवाचा फोटो, सगळं उपसलं.
दुसऱ्याची बॅग उघडणारी मुलगी माझ्यात आहे
हे मला तोवर माहीत नव्हतं.

पंखा फिरत होता. कुणी हसलं नाही.
नकाराचे तीन प्रकार राहून गेले.
घंटा झाली.

शेरा: फलकलेखन अपुरे. शैक्षणिक साधनात चूक.
वैयक्तिक अनुभव टाळावेत. वेळेचे नियोजन नाही.
दहापैकी पाच.
पाचाच्या खाली आधी चार होता,
खोडलेला, पण दिसत होता.

व्हरांड्यात बसून मी कात्री मागून घेतली
आणि डावं फुप्फुस कापलं,
दुर्वांकुरनं दाखवलं होतं तेवढं, आतल्या बाजूनं.
वैष्णवीला तेच वापरायचं होतं.
'आता बरोबर आहे ना गो?' तिनं विचारलं,
आणि माझं उत्तर न ऐकताच आत गेली.

गुलाबी कपटा माझ्या पर्समध्ये राहिला,
बसच्या तिकिटाबरोबर,
मुठीएवढा.